‘पालकाची सही’ या एका रकान्यापायी गेलेले पाच महिने

लहान बाळांना घरात कसं भरवतात ते व्हिडिओ घेऊन मोजायचं, असं आमचं काम होतं आणि त्यासाठी एथिक्स कमिटीची (माणसांवरच्या अभ्यासात कोणावर अन्याय होत नाही ना ते बघणाऱ्या समितीची) परवानगी लागते. ती काढताना जे झालं ते लिहून ठेवतेय, पुढच्या कोणाचा तरी वेळ वाचेल. अजूनही आठवलं की डोकं फिरतं माझं.

आधी काम काय ते सांगते. गरीब आणि विकसनशील देशांत ६ ते २३ महिन्यांच्या बाळांचा आहार मोजायला डब्ल्यूएचओ-युनिसेफचे ठरलेले निर्देशक आहेत, २००८ चे, मग २०२१ मध्ये सुधारलेले. काल दिवसा आणि रात्री बाळाने काय काय खाल्लं-प्यायलं ते विचारायचं आणि आठ अन्नगटांपैकी किमान पाच गट पोटात गेले का ते बघायचं. (आधी सातपैकी चार होते, अंगावरचं दूध गट म्हणून धरत नव्हते. कोणी जुनी प्रश्नावली हातात दिली तर परत करा.) हे सगळं सुरळीत होतं, प्रश्नावली तयार मिळते, आठवडाभरात माहिती घेणाऱ्या बायका छान शिकतात.

पण यातून बाळाने काय खाल्लं ते कळतं, कसं भरवलं ते नाही कळत. बाळाने तोंड फिरवलं तर भरवणारी थांबते की गाल दाबून चमचा आत घालते? हे विचारून कोण सांगणार, मी जबरदस्ती करते म्हणून? डब्ल्यूएचओच्या २०२३ च्या सूचनांत बाळाच्या भुकेच्या खुणा ओळखून भरवा अशी शिफारस आहे, पण २०२१ च्या १७ निर्देशकांत ते मोजणारा एकही नाही. म्हणून समोर बसून बघावंच लागतं, घास न् घास मोजावा लागतो.

आणि इथेच घोडं अडलं. संमतीच्या फॉर्ममध्ये रकाना होता, ‘पालकाची सही’. आता आधीच्या प्रश्नावलीच्या कामात (त्याची परवानगी वेगळी होती) मी घरोघर बघितलेलं की बाळाला दर वेळी आईच भरवते असं नाही, आई कामावर गेलेली असते, आजी भरवते, बाप भरवतो, एका घरात तर आठ वर्षांची बहीण भावाला मांडीवर घेऊन एक घास त्याला, एक घास स्वतःला असं चालवत होती आणि तो बाळ तिच्याकडे जितकं शांत खात होता तितकं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. म्हणून मी अर्जात ‘आई’ न लिहिता ‘भरवणारी व्यक्ती’ लिहिलं. कमिटी सहा आठवड्यांनी बसते, कागद दोन आठवडे आधी द्यायचे. पहिल्या मीटिंगमधून अर्ज परत, शेरा एकच, पालक म्हणजे नक्की कोण ते स्पष्ट करा. केलं स्पष्ट. पुढच्या मीटिंगमधून परत, भरवणारी मुलगी अल्पवयीन आहे, तिच्या वतीने संमती कोण देणार? तेही लिहिलं. तिसऱ्यांदा परत, व्हिडिओत घरातली इतर माणसं दिसली तर?

प्रश्न तिन्ही बरोबर होते, हे मी मनापासून मान्य करते, ते मलाच आधी सुचायला हवे होते. पण तिन्ही एकदम विचारता आले नसते का? दर वेळी एकच शेरा आणि मग सहा आठवडे वाट. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये आहेत, ईमेलला उत्तर नाही. इकडे बाळं काही कोणासाठी थांबत नाहीत. मी यादी करून बसले होते आणि यादीतली बाळं दर आठवड्याला मोठी होत होती, ६ ते ८ महिन्यांचा गट तर पूर्ण रिकामा झाला. हात टेकायची वेळ आली होती.

शेवटी चौथ्या मीटिंगच्या आधी मी सरळ सचिव मॅडमना जाऊन भेटले आणि समोर बसून दहा मिनिटं बोलू द्या म्हटलं. एका पानावर तक्ता नेला, फ्रेममध्ये कोण येईल, त्याची संमती कोण देईल, कॅमेरा कधी बंद होईल. बाळासाठी आणि अल्पवयीन बहिणीसाठी आईवडिलांपैकी एकाची सही, शिवाय बहिणीला तिच्या भाषेत वेगळं विचारायचं, ती नको म्हणाली तर आईने सही केली असली तरी कॅमेरा बंद. आजीची स्वतःची सही. शेजारीण आत आली की रेकॉर्डिंग थांबवायचं. त्या मीटिंगमध्ये मंजुरी मिळाली. तुम्ही हा तक्ता पहिल्याच अर्जाला जोडा, बाकी काही नाही केलंत तरी चालेल पण हे करा.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल, आठवलं तसं सांगते. पहिल्या भेटीचा व्हिडिओ हिशोबात धरू नका, कॅमेरा बघून सगळेच गोड वागतात. आणि दोघींनी एकच व्हिडिओ वेगवेगळा बघून नोंदी करा, मग जुळवा. आमच्यात एका क्लिपवरून तासभर वाद झाला, बाळाने ओठ मिटले, आजीने चमचा हवेतच थांबवला, मग वाटीत खाली ठेवला, थोड्या वेळाने बाळाने स्वतःच तोंड उघडलं. एकीने लिहिलं नकार, दुसरीने लिहिलं मधली विश्रांती. मग नियम केला, ओठ मिटले किंवा मान फिरवली तर नकारच, आणि त्यानंतर भरवणारीने काय केलं ते वेगळ्या रकान्यात. तेव्हा कुठे आमचं जुळायला लागलं.

हो, आणि सुरुवातीला सांगितलेल्या आहाराच्या प्रश्नावलीत प्रमाणाची अट नाही, एक घास खाल्ला तरी तो गट धरायचा. फक्त चवीपुरतं चिमूटभर घातलेलं मोजायचं नाही. यावरून नवीन मुली हमखास गोंधळतात.

ज्या बहिणीपायी मी ‘भरवणारी व्यक्ती’ हा शब्द सोडला नाही, तिचा भाऊ अर्ज दिला तेव्हा २० महिन्यांचा होता. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा २५ महिन्यांचा, म्हणजे अभ्यासाच्या बाहेर. तेव्हा यादी पत्र हातात पडल्यावरच करा आणि जन्मतारीख लसीकरणाच्या कार्डावरून उतरवून घ्या, तोंडी वय घेऊ नका.