पद्मपाणी: पापणी खाली, तरी जागा

मंडळी, मातीच्या लेपावर मी अजिंठ्याच्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र उतरवतोय, आणि तो अखेर जागा झाला! मागच्या फोटोवर "बोधिसत्त्व आहे की दुपारच्या तासाला पेंगणारा विद्यार्थी?" असं विचारणाऱ्यांनी नवा फोटो जरूर बघावा.

लेपाचं आधी उरकतो. मातीत भाताचं तूस वाढवल्यावर तडे थांबले. वरचा चुन्याचा पातळ हात घोटल्यावर असा काही गुळगुळीत झालाय, की त्यावर रंग लावायला जीव होत नव्हता.

आता डोळे. अजिंठ्याच्या 1 नंबरच्या लेण्यातल्या या माणसाच्या अंगावर राजपुत्राचा सगळा थाट आहे: मुकुट, मोती, हातात निळं कमळ. जग सोडून न जाता जगासाठी थांबलेला तो, म्हणून दागिने अंगावरच. नजर मात्र कमळाकडे नाही आणि आपल्याकडेही नाही. सगळी करुणा त्या खाली वळलेल्या नजरेत, आणि माझ्याकडे तिथे नुसती झोप येत होती. पापणी वर घेतली की झोप जायची, पण मग तो कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा दिसायचा.

मग वाट शोधली ती चित्रसूत्रात, म्हणजे विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रकलेवरच्या भागात. त्यात डोळ्यांचे पाच आकार दिलेत. ध्यानात जमिनीकडे लागलेला डोळा धनुष्याकृती, रुंदी 3 यव (यव म्हणजे जवाच्या दाण्याएवढं माप). (ग्रंथ लेण्यांनंतरचा मानतात, तेव्हा नियम म्हणून नको, इशारा म्हणून घ्या.) चेहरा 12 अंगुळं, अंगुळाचे 8 यव, म्हणजे डोळा चेहऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढाच उघडा. माझा चेहरा 16 सेंटिमीटरचा, म्हणजे जेमतेम 5 मिलिमीटर! तेवढाच ठेवला, तर झोप आणखी गाढ.

मग खालच्या पापणीची काजळीची रेघ खरवडून तिथे गेरूची काढली. काळी रेघ फक्त वर, मध्ये जाड आणि टोकांना निमुळती. दोन्ही डोळ्यांची आडवी रेषा मानेच्या कलासोबत तिरपी केली. झालं! वरची पापणी जड वाटते, पण खालून डोळा उघडा राहतो. भुवईखाली हिरव्या मातीची बिंदुवर्तना (ठिपक्याठिपक्यांची छटा) दिल्यावर तर मी उठून खोलीभर एक चक्कर मारली.

ब्रशबद्दल माझं मत तेच: या रेषेला खारीच्या केसांचाच हवा, सिंथेटिक ब्रश वळणावर रंग सोडतो. 'अस्सल लाजवर्द' (निळ्या दगडाचा रंग) म्हणून आलेली पूड मला तरी कृत्रिम निळाच वाटते. मुकुटातल्या एका खड्यापुरती चालेल, कमळाला नाही.

आणि फोटोवरून त्वचेचा रंग जुळवू नका. 1920च्या दशकात निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी भित्तिचित्रांवर लाखेचा थर दिला होता, तो पुढे पिवळा पडला. जुन्या फोटोंतला मधाळ रंग बऱ्याच अंशी त्या लाखेचा आहे.

पुढे मुकुटातले मोती घेणार होतो. पण हे लिहिता लिहिताच सुचलं: उरलेल्या लेपाच्या पट्टीवर हाच चेहरा पाच वेळा काढायचा, बाकी सगळं तेच, फक्त डोळा चित्रसूत्रातल्या पाच आकारांचा. घाबरलेल्याचा कमळपाकळीसारखा डोळा 9 यवांचा आहे, म्हणजे यापेक्षा तिप्पट. बोधिसत्त्वाच्या चेहऱ्यावर तो कसा दिसेल याची उत्सुकता आहे. मोती थांबतील. कुणाकडे बारीक चाळलेला गेरू जास्तीचा असेल तर कळवा, माझा या डोळ्यांतच संपत आलाय.