तुम्ही विचारलंत म्हणून: लॅबमध्ये असून कसं कळलं नाही?

आत्याने विचारलं. चाळीतल्या काकूंनी विचारलं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांना मी आयुष्यात दोनदा भेटले असेन, त्यांनीही लग्नाच्या पंगतीत जिलबी मागून घेता घेता विचारलं, "तुम्ही तर लॅबमध्येच असता ना? मग घरातलं कसं कळलं नाही?"

आधी एक सांगते, कारण निम्म्या लोकांच्या डोक्यात चुकीचं बसलंय. बाबा २०१८च्या त्या लघवीच्या इन्फेक्शनमध्ये गेले नाहीत. त्यातून ते उठले, घरी आले, नंतरच्या गणपतीत आरतीला उभेही राहिले. गेले २०२०च्या फेब्रुवारीत, हार्ट अटॅकने. "तेव्हापासूनच खचले होते ते," असं आत्या म्हणते. असेल. मला ते खोडून काढता येत नाही आणि मान्यही करवत नाही.

सुरुवातीला मी उत्तर द्यायचे, "कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला ४८ तास लागतात हो." पुढे म्हणायला लागले, "त्यांना ताप नव्हता." दोन्ही खरं आहे. नात्यातल्या ग्रुपवर मी एकदा हे सगळं लांबलचक लिहिलंही होतं. जंतू प्लेटवर वाढायला एक दिवस, ओळखून औषधं लावायला आणखी एक दिवस, वगैरे. खाली अकरा जणांचे हात जोडलेले. आज ते वाचलं की चीड येते, त्या बाईची, जिने ते लिहिलं. रिपोर्टला वेळ लागतो हे खरं, पण त्यासाठी आधी नमुना पाठवावा लागतो.

मी मायक्रोबायोलॉजीची, म्हणजे जंतू शोधणाऱ्या लॅबची, टेक्निशियन आहे. २०१८ साली सोळा वर्षं झाली होती. सकाळी टेबलावर लघवीच्या डब्यांची रांग असते. एकेक डबी उघडायची, मोजलेल्या लूपने, म्हणजे तारेच्या कडीने, जंतू वाढवायच्या प्लेटवर ओढायची, दुसऱ्या दिवशी मिलीलीटरमागे लाखाच्या वर ग्रोथ दिसली की नोंद करायची. बहुतेक वेळा ई. कोलाय, आतड्यात राहणारा जंतू. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकसमोर 'रेझिस्टंट', म्हणजे जंतू दाद देत नाही, असं लिहिताना माझा हात आता विचारही करत नाही.

गौरी-गणपतीला मी माहेरी लालबागला होते. १७ सप्टेंबरला गौरी गेल्या आणि त्या रात्री बाबा म्हणाले, "कंबर धरलीय उजवीकडे, आणि लघवीला जळजळतंय." वय ७३, दहा वर्षांची शुगर, प्रोस्टेटची गोळी चालू, पूर्वी एकदा मुतखडा पडलेला. अशा माणसाचं लघवीचं इन्फेक्शन साधं नसतं. 'कॉम्प्लिकेटेड' म्हणतात ते यालाच. वाट कुठे अडली असेल, खडा असेल, नळी घातलेली असेल, तर जंतू खाली मूत्राशयात राहत नाहीत, मूत्रपिंडापर्यंत चढतात. मोरी तुंबली की पाणी घरात येतं ना, तसं अडलेल्या लघवीचा दाब वाढला की ती जंतूंसकट मागे रक्तात शिरते. हे मला पाठ होतं. नव्या मुलांना मीच सांगायचे.

आणि मी काय केलं? खाली मेडिकलवाल्याकडे गेले आणि त्याच सिप्रोची दहा गोळ्यांची पट्टी घेऊन आले. चिठ्ठी नाही. त्याने मागितलीही नाही, मला ओळखतो तो. पट्टीवर ती लाल रेघ होती, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका सांगणारी. सकाळ-संध्याकाळ एकेक, दोन दिवस. चार गोळ्या.

आपल्या बापाची डबी भरून लॅबमध्ये न्यायला मला काय धाड भरली होती? सणाचे दिवस, घरात पाहुणे, रस्त्यावर दर्शनाच्या रांगा, हे सगळं सांगता येईल. खरं म्हणजे ते माझ्यासाठी पेशंट नव्हते, बाबा होते, आणि बाबांना कंबरदुखी नेहमीचीच.

२० तारखेच्या पहाटे आईने उठवलं. बाबा खाटेवर पाय सोडून बसले होते आणि डबा मागत होते. "भोंगा झाला, डबा दे." गिरणी सुटून किती वर्षं झाली होती! १९८२च्या संपानंतर ते पुन्हा खात्यात गेलेच नाहीत. मला त्यांनी आत्याच्या नावाने हाक मारली. भाऊ हसला. मीही हसले, हे लिहून ठेवते. मग थर्मामीटर लावला, ९७.४. "ताप नाहीये," मी म्हणाले. सगळ्यांना हायसं वाटलं.

म्हातारपणी रक्तात जंतू गेले तरी ताप येतोच असं नाही. उलट अंग गार पडू शकतं. पहिली खूण बरेचदा हीच असते, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. आणि श्वास वाढतो. बाबांचा श्वास वाढला होता. मी मोजला नाही. हात गार लागले तेव्हा पंखा कमी केला.

अर्ध्या तासाने ते उभे राहायला गेले आणि खाली बसले. टॅक्सी आत येणं शक्य नव्हतं. मंडळाच्या पोरांनी खुर्चीत बसवून, गर्दीतून वाट काढत नाक्यापर्यंत नेलं. नेलं ते मी काम करते त्याच हॉस्पिटलात. कॅज्युअल्टीत बीपी ८४/५०, श्वास मिनिटाला २८. आधी दोन्ही हातांतून रक्त घेतलं, कल्चरच्या चार बाटल्या भरल्या, लगेच अँटिबायोटिक सुरू केलं. सोनोग्राफीत उजवं मूत्रपिंड फुगलेलं, नळीत खडा अडकलेला. दुपारी डीजे स्टेंट, म्हणजे लघवीची वाट मोकळी ठेवणारी नळी, टाकला. तो टाकताना पू आला, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी आयसीयूबाहेरच्या बाकावर बसवेना, म्हणून मी खाली लॅबमध्ये गेले. ड्युटी नव्हती. बाटल्या मशीनमध्ये होत्या. आत जंतू वाढायला लागले की मशीन आवाज देतं, आम्ही त्याला 'बाटली वाजली' म्हणतो. साडेआठला वाजली. मैत्रीण ड्युटीवर होती. तिने स्क्रीन बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता स्लाइड केली. स्लाइड स्टेन होईपर्यंत, म्हणजे जंतूंना रंग चढेपर्यंत, मी वॉशबेसिनपाशी उभी होते. मग ती बाजूला झाली आणि मी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

गुलाबी काड्या. फील्ड भरून.

रोज बघते मी त्या. त्या दिवशी वाटलं, या बाबांच्या रक्तातल्या आहेत. पुढे काही वाटलंच नाही, डोकं रिकामं.

रक्तात जंतू दिसले की वॉर्डला ताबडतोब फोन करायचा असतो. "मी करते," मैत्रीण म्हणाली. मी म्हटलं, "नको, मीच करते." रेसिडेंटने उचलला. दमलेला आवाज. मी रजिस्ट्रेशन नंबर सांगितला, नाव सांगितलं, वय ७३, पुरुष, ब्लड कल्चर, ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय, म्हणजे त्याच गुलाबी काड्या. त्याने नियमाप्रमाणे सगळं मला परत वाचून दाखवलं. बाबांचं पूर्ण नाव, आजोबांच्या नावासकट. "बरोबर?" मी म्हटलं, "बरोबर." "तुमचं नाव, मॅडम?" मी सासरचं आडनाव सांगितलं. त्याला काहीच कळलं नाही. थँक यू म्हणून त्याने फोन ठेवला.

मध्यरात्रीपर्यंत चारही बाटल्या वाजल्या. एखादी वाजली तर कातडीवरचे जंतू सुईबरोबर आले असतील असं म्हणता येतं. चार वाजल्या की म्हणायला काही उरत नाही, आणि ग्रॅम निगेटिव्ह म्हटल्यावर तर एकीतसुद्धा फारसं उरत नाही.

रक्तात आणि लघवीत एकच ई. कोलाय निघाला, ईएसबीएलवाला, म्हणजे अँटिबायोटिक मोडणारं एन्झाइम बनवणारा, सेफ्ट्रियाक्सोनला न जुमानणारा. सिप्रोही रेझिस्टंट. आधी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक चालू होतं, रिपोर्ट आल्यावर मेरोपेनेम या दुसऱ्यावर नेलं. त्याच महिन्यात मेरिनो नावाचा अभ्यास छापून आला होता, मी तो नंतर वाचला. सेफ्ट्रियाक्सोन चालत नाही अशा ई. कोलाय किंवा क्लेबसिएलाचे जंतू रक्तात असलेले पेशंट त्यात घेतले होते. ३० दिवसांत पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमवरचे १८७ पैकी २३ गेले, मेरोपेनेमवरचे १९१ पैकी ७. तो तक्ता मी किती वेळा बघितला असेल. बाबा त्यात कुठेच नाहीत, तरी बघते.

आता तुमचा प्रश्न. अठरा तारखेला सकाळी डबी दिली असती तर वीसच्या पहाटेपर्यंत जंतू कोण आणि त्याला काय चालतं हे बहुधा हातात असतं. पण खडा तर तसाच अडकलेला असता. अडलेली वाट मोकळी केल्याशिवाय नुसत्या औषधाने भागत नाही, हे कुठलाही युरॉलॉजिस्ट सांगेल. म्हणजे माझ्या चार गोळ्यांनी बिघडवलं असं नाही. पण त्या गोळ्यांमुळे दोन दिवस आम्ही सगळे निवांत होतो. मग बिघडवलं का? मी एका बाजूने बोलायला लागले की दुसरी बाजू उठते. अजून तसंच आहे.

बाबा घरी आले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्यांनी चष्म्याच्या डब्यातून ती पट्टी काढली. "सहा उरल्यात. संपवायच्या का?" मी म्हटलं, टाकून द्या. "पैसे दिलेत," म्हणाले, आणि पुन्हा डब्यात ठेवली. ते गेल्यावर डबा माझ्याकडे आला.

आत्याला पट्टीचं मी आजवर सांगितलेलं नाही. ती हे वाचेल.