त्रफिम घरी होता

11 फेब्रुवारीला लूर्दमातेचा सण असतो. त्याच्या आदल्या रविवारी कामठीहून पायी निघून नागपुरात सेमिनरी हिल्सवर मरियामातेपाशी पोचायचं, हा आमच्या घोळक्याचा सहा वर्षांचा नेम. सतरा-अठरा किलोमीटर होतात. शेजारचे काका आषाढीला पंढरपूरला जातात, त्यामुळे आमच्या गल्लीत सगळे याला 'तुमची वारी'च म्हणतात. मलाही आता तोच शब्द तोंडात बसला आहे.

यंदा निघावं की नाही, हे पहाटे चारपर्यंत ठरत नव्हतं. लेकीचा गुडघा रात्रीपासून ठणकत होता. मी गरम पाण्याची पिशवी बदलली, एक-एक लिटरच्या तीन बाटल्या उशाशी ठेवल्या. ती म्हणाली, "आई, तू जा. बाबा आहेत ना. पण यंदा 'बरी कर' नको म्हणू. चौदा वर्षं तेच मागून राहिली तू. बारावीच्या पेपरात दुखायला नको, एवढंच माग."

"अन् हे मागितलं तर भेटेल?"

"छोटं आहे ना. भेटून जाईल."

विदर्भात सिकलसेल म्हणजे काय हे फारसं सांगावं लागत नाही, तरी सांगते. नवरा आणि मी, दोघंही एएस. म्हणजे आम्हाला स्वतःला त्रास काही नाही, पण दोष दोघांच्याही रक्तात. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस, म्हणजे दोघांकडूनही दोष घेतलेलं, निघण्याची शक्यता चारात एक. लग्नाआधी आम्ही घर बघितलं, नोकरी बघितली, रक्त तेवढं तपासलं नाही. एसएस झालं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, पुढे रक्त जात नाही आणि हाडांत कळा सुरू होतात. थंडी वाजली, ताप आला, पाणी कमी प्यायलं गेलं, कशाचंही निमित्त पुरतं. म्हणून त्या बाटल्या.

कामठीच्या चर्चसमोर आम्ही तेवीस जण जमलो. कामठी ही जुनी लष्करी छावणी, 1821 पासूनची. मद्रासच्या पलटणी इथे असायच्या. त्यामुळे आमच्यात तमिळ घरंही आहेत. रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, सुरू होते हिंदीत, 'प्रणाम मरिया', मधेच कोणी मराठीत 'नमो मरिये' उचलतं, आणि सत्तरीच्या अक्का शेवटपर्यंत तमिळ सोडत नाहीत. मणी मात्र सगळ्यांचे एकाच वेळी सरकतात.

अंधारात चालताना बोलणं कमी असतं, आणि डोक्यात जे यायचं ते येतंच. मला मैदानावरची ती सभा आठवते. लेक अकरा वर्षांची होती. शहराबाहेरून आलेले एक प्रचारक होते, त्यांचं नाव नको. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, माइक तिच्या तोंडाशी नेला आणि विचारलं, "दुखतंय?" ती म्हणाली, "नाही." त्या दिवशी खरंच दुखत नव्हतं हो! सिकलमध्ये न दुखणारे दिवसही असतातच. पण मैदानभर हालेलुया झालं, मी रडले, आणि गोळी घेणं म्हणजे देवावर अविश्वास, हे तिथं ऐकून घरी आले. तिच्या सिकलच्या गोळीची, हायड्रॉक्सियुरियाची डबी मी स्वतःच्या हातानं कपाटात मागे टाकली.

डिसेंबरात तिला छातीत कळा आल्या. ऑक्सिजन लागला, रक्त चढवावं लागलं. वॉर्डाबाहेरून मी त्या सभेवाल्यांना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "ताई, तुमच्या विश्वासात कुठंतरी खोट आहे."

देवानं ऐकलं नाही याचं दुःख मी कसंही पेलत होते. हे वाक्य पेलवलं नाही. सहा महिने मी ते खरं मानलं. तिला ताप आला की आधी स्वतःच्या मनात खोट शोधायची, मग थर्मामीटर.

आमचे फादर तेव्हा वॉर्डात आले होते. मोठ्यानं प्रार्थना वगैरे काही नाही. स्टुलावर बसले, डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं, गोळ्या परत सुरू केल्या का ते विचारलं. ख्रिस्ताचा प्रेषित पौल, त्याच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याचं न सुटलेलं दुखणं, मला ठाऊक होतं; देवाला तीनदा विनवूनही तो काटा निघाला नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. फादरांनी मात्र पौलानं तिमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं शेवटाजवळचं एक वचन काढून दाखवलं. त्यात पौल नुसती खबर देतो, की त्रफिम आजारी होता, म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. बस. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजाऱ्यांना लावले की ते बरे होत, असं प्रेषितांची कृत्यं सांगतात, तो पौल आपल्या सोबत्याला आजारी ठेवून पुढच्या गावी जातो. त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं तो लिहीत नाही. पुढे त्रफिमाचं काय झालं, तेही बायबलात नाही.

फादर तेवढं वाचून चहा प्यायला गेले.

ऑटोमोटिव्ह चौकात उजाडलं. तिथून पुढे डोक्यावर मेट्रो. इंदोरा, कडबी चौक, आणि गड्डीगोदामला तर चार मजली कारभार: खाली आम्ही, वर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल, सगळ्यात वर मेट्रो. मालगाडी धडधडत गेली आणि आमची प्रणाम मरिया त्यात पार बुडाली. अक्का थांबल्या नाहीत, ओठ हलतच होते. पुढे एका ठेल्यावर तर्री पोहे खाल्ले. तर्री इतकी जहाल की नाकाडोळ्यातून पाणी. चला, रडायला निमित्त झालं, असं कोणीतरी म्हणालं.

सदर, छावणी करत टेकडी चढताना माझा श्वास लागतो. तेव्हा बर्नादेत आठवते. फ्रान्समधल्या लूर्दला 1858 साली जिला मरियेचं दर्शन झालं ती ही पोर. तिला दमा होता, पुढे क्षयानं हाड पोखरलं, 1879 मध्ये पस्तिसाव्या वर्षी ती गेली. तिनं उकरलेल्या झऱ्यावर जगभरचे आजारी येतात. चर्चनं चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना इतक्या वर्षांत सत्तरच्या जरा वर. आमचं चारात एकचं गणित फार लवकर जुळतं.

मरियामातेपुढे मेणबत्ती लावली. गुडघे टेकले आणि ठरल्याप्रमाणे छोटं मागितलं, तारखांसकट. मग सवयीनं मोठंही तोंडातून निघून गेलं. परत कसं घ्यायचं ते कळेना, तसंच राहू दिलं.

परतीला मेट्रो घेतली, ऑटोमोटिव्ह चौकातून शेअर ऑटो. उतरल्यावर अर्धा डझन संत्री घेतली. लेक भिंतीला टेकून फिजिक्स उघडून बसली होती, पिशवी गुडघ्यावरच.

"मागितलं?"

"मागितलं."

"फक्त छोटं?"

मी संत्रं सोलायला घेतलं. ती हसली. "मला माहीत होतं."

दोन बाटल्या रिकाम्या होत्या, तिसरी तशीच भरलेली. मी टोपण काढून ती तिच्या हातात दिली.