रडारवर राफ्ट शोधताना : माझा अनुभव

विमानाच्या रडारवर राफ्ट कितपत सापडतात याची टेस्ट होती. आधी वाटलं होतं सोपं काम आहे, विमानात रडार, खाली समुद्रात आपल्याच टीमने सोडलेले लाइफ राफ्ट (जीव वाचवायचे हवेचे तराफे), ठिपका दिसला की बोलायचं. पहिल्या दिवशी ३ पैकी एकही सापडला नाही! आणि त्यातल्या एकाच्या तर जवळपास डोक्यावरून गेलो होतो, हे उतरल्यावर कळलं.

राफ्ट म्हणजे रबर, कापड आणि आत हवा, त्याच्यावरून सिग्नल परत येतो तो अगदी किरकोळ. आमचं रडार एक्स बँडचं, म्हणजे साधारण ३ सेंटिमीटर वेव्हलेंथ, त्यामुळे समुद्राचा खडबडीतपणा पण स्क्रीनवर येतो, त्याला क्लटर म्हणतात, वारा वाढला की नुसते तांदूळ सांडल्यासारखं दिसतं. गेन, म्हणजे आलेला सिग्नल किती वाढवून दाखवायचा ते, कमी करा, क्लटर जातो, पण राफ्टही जातो.

टेस्टचा नियम असा की राफ्ट कुठे आहेत ते ऑपरेटरला सांगायचंच नाही. राफ्टवर जीपीएस, विमानाचा ट्रॅक वेगळा, नंतर दोन्ही जुळवून बघतात की राफ्ट किती अंतरावरून गेला आणि मी बोलले की नाही. एका फेरीत बाजूचा किती पट्टा खात्रीने धरता येतो ते यातून काढतात, खऱ्या शोधात दोन फेऱ्यांमधलं अंतर त्यावरच ठरतं. म्हणजे हुकलेला राफ्टही तितकाच कामाचा, हे डोक्याला पटतं हो, पण शीटवर आपल्या नावापुढे ‘मिस’ बघून जीव जळतोच.

दुसऱ्या दिवशी थोडं जमलं. लाटेचा ठिपका एक-दोन स्वीपमध्ये (रडारची नजर एकदा फिरली की एक स्वीप) मरतो, राफ्ट मात्र लाटांच्या खळग्यात गेला की गायब आणि वर आला की परत त्याच जागी. मग मी कर्सर ठेवायचे, ५ स्वीप मोजायचे आणि ३ वेळा दिसला तरच तोंड उघडायचे. वाऱ्याच्या तोंडाकडे बघताना क्लटर जास्त येतो, वारा जातो त्या बाजूला कमी, हे ऐकून माहीत होतं पण विमान वळल्यावर तीच स्क्रीन एकदम स्वच्छ झाली तेव्हा खरं पटलं. अर्ध्या तासाने मात्र डोळे उघडे असून काही दिसत नाही, सीट बदलावीच लागते.

शेवटी एका राफ्टवर सार्ट, म्हणजे रडारचा सिग्नल आला की स्वतःच उत्तर देणारं छोटं यंत्र, चालू केला. १२ ठिपक्यांची सरळ रेघ, जवळ गेलो तशी त्याची वर्तुळं झाली. कॉपी करून पास झाल्यासारखं वाटलं.

परत आल्यावर पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग मागून घेतलं. ज्याच्या डोक्यावरून गेलो होतो तो राफ्ट सलग ४ स्वीप स्पष्ट दिसत होता, आणि मी तेव्हा गेनचं बटण फिरवत बसले होते.