मायना आधीच तयार

नवीन मेलची खिडकी उघडली की कोरी दिसते, पण ती तशी नसते. अक्षर कोणतं, केवढं, कोणत्या रंगाचं, हे परस्पर ठरून गेलेलं असतं. २००७च्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसपासून जगभरातल्या कचेऱ्यांची पत्रं कॅलिब्री फाँटात, अकरा पॉइंटांत गेली. २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या जागी ॲप्टॉस आणून बसवला. तेही बहुतेकांनी मुकाट चालवून घेतलं.

मला नाही चालवून घेता येत. मायक्रोसॉफ्टच्या मेल-प्रोग्रामात, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये, हे बदलायची वाट अशी: फाइल, ऑप्शन्स, मेल आणि मग 'स्टेशनरी अँड फाँट्स'. नव्या मेलला एक फाँट, उत्तराला दुसरा, अशी चैन तिथे आहे. मराठी लिहिणाऱ्याची गंमत मात्र पुढेच. रोमन अक्षर कितीही फुगवा, देवनागरी जागची हलत नाही. कारण तिचा रकाना निराळा, 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या नावाचा. (काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं हा संसार पाहता नाव अगदीच चूक नाही म्हणा.) बहुधा तिथे मंगल फाँट ठाण मांडून असतो. आकार तिथे वेगळा वाढवला, की 'द्ध' आणि 'ध्द' यांतला फरक चष्मा न सरकवता दिसतो. ही सगळी मांडामांड विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्ज साठवायच्या कोठारात, साठते. लॅपटॉप बदलताना ती आठवणीने उचलायची.

काहींचं एवढ्यावर भागत नाही. त्यांना अख्खा फॉर्मच, म्हणजे आधीच मजकूर भरलेली मेलची खिडकीच, आपली हवी असते. डेव्हलपर टॅबमधून तो बनवता येतो: वर 'महोदय', खाली 'आपला नम्र', की झाला पब्लिश. पण 'न्यू ईमेल' दाबल्यावर थेट तोच उघडावा म्हटलं, की आउटलुक अडून बसतं. कॉन्टॅक्ट्सच्या फोल्डरला आपला फॉर्म नेमायची सोय प्रॉपर्टीजमध्ये आहे, मेलला नाही. त्यासाठी त्याच रजिस्ट्रीत उतरून 'आयपीएम डॉट नोट'च्या (आउटलुकच्या मूळ मेल-फॉर्मचं हे नाव) जागी आपल्या फॉर्मचं नाव लिहावं लागतं, आणि कचेरीतला आयटीवाला रजिस्ट्री म्हटलं की हात वर करतो.

मला हा अडेलपणा पटतो. ठरीव मायन्यांचं आपल्याला काही वावडं नाही. वडिलांना 'तीर्थरूप' आणि शिरसाष्टांग नमस्कार, धाकट्याला 'चिरंजीव' आणि अनेक आशीर्वाद, परक्याला 'सा. न. वि. वि.'. शिवकालीन पत्राला तर शेवटसुद्धा ठरलेला होता: 'मर्यादेयं विराजते' असा शिक्का, म्हणजे त्याखाली कुणी ओळ घुसडायची नाही. पण मायना कोणता, हे पत्र कुणाला चाललंय त्यावरून ठरे. आउटलुकच्या डिफॉल्ट फॉर्मला फक्त लिहिणारा ठाऊक असतो. साहेबांना जो 'सप्रेम नमस्कार', तोच पार्सल हरवणाऱ्या कुरिअरवाल्याला. त्याला सप्रेम?

म्हणून माझं डिफॉल्ट फाँटपाशी थांबतं. नमस्कार दर वेळी हाताने टाइप करायचा, माणूस बघून. नेहमीच्या मजकुरांचे वेगळे साचे करून ठेवलेत. ते उघडायला न्यू आयटम्स, मोअर आयटम्स, चूज फॉर्म अशी वळणं घ्यावी लागतात, आणि तेवढ्या वेळात निम्म्या तक्रारींतला राग ओसरतो. रजेच्या अर्जाचा साचा मात्र सर्वांत वर आहे. त्यात कारणसुद्धा आधीच लिहिलेलं आहे.