डांगी बैल पारखताना खिलारचा डोळा बाजूला ठेवा

डांगी बैल बघून "अंगानं बसका आहे", "शिंगं आखूड आहेत", "चालीला मंद आहे" असं म्हणणारे लोक दरवर्षी भेटतात. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि तिन्ही दोष म्हणून सांगितल्या जातात याचं वाईट वाटतं. खिलार हा माणदेशाचा बैल. कोरडी हवा, कडक जमीन, उंच अंग, मागे झुकलेली लांब शिंगं, हरणासारखे पाय. 2014 साली बंद झालेल्या बैलगाडा शर्यतींचा प्रश्न 18 मे 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं मिटला आणि खिलारच्या गोऱ्ह्यांना, म्हणजे तरुण नरांना, सोन्याचा भाव आला. त्याचं दुःख नाही. पण त्या भावाबरोबर खिलारची पारखही सगळीकडे पसरली, आणि आता इगतपुरीच्या, अकोले तालुक्याच्या डोंगरातली माणसंसुद्धा आपल्या दावणीचा गोऱ्हा त्याच मापानं मोजू लागली आहेत.

डांगीचा मुलूख म्हणजे नाशिकचे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, अहिल्यानगरचा अकोले तालुका, लगतचा ठाणे-पालघरचा डोंगरपट्टा आणि पलीकडे गुजरातचा डांग. इथे वर्षाला दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बैलानं करायचं काय, तर आषाढात गुडघाभर चिखलात दिवसभर भाताची चिखलणी करायची, रात्री गळक्या गोठ्यात उभं राहायचं, आणि सकाळी पुन्हा जू मानेवर घ्यायचं. पळायचं कुठेच नाही. म्हणून पारख पायापासून आणि कातडीपासून सुरू करायची, शिंगांपासून नाही.

कातडी आधी घेऊ, कारण डांगीचं खरं वैशिष्ट्य तिथे आहे. या जनावराच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे पावसाचं पाणी अंगात न मुरता ओघळून जातं. बघायची रीत सोपी आहे. वशिंडाच्या मागे पाठीवर तांब्याभर पाणी हळू ओतायचं. चांगल्या कातडीवर पाण्याचे थेंब होतात आणि बरगडीवरून खाली घरंगळतात. वाईट कातडीवर केस लगेच चिकटतात आणि ओला डाग पसरत जातो. पण जनावरांच्या प्रदर्शनात आणलेल्या बैलाला मालकानं चमक यावी म्हणून खोबरेल नाहीतर करडईचं तेल चोळलेलं असतं, मग पाठ काहीच सांगत नाही. अशा वेळी काखेत हात घालावा, किंवा पोळीच्या, म्हणजे गळ्याखालच्या लोंबत्या कातडीच्या, घडीत. तिथे तेल चोळायचं कुणाला सुचत नाही. स्वच्छ पांढरा फडका घेऊन त्या जागी चार-पाच वेळा दाबून पुसला की खऱ्या डांगीचा पिवळसर तेलकट डाग फडक्यावर उमटतो. मालकांना माझी विनंती आहे की प्रदर्शनाआधी आठ दिवस तेल बंद ठेवा, नुसता खरारा करा. तेल लावून तुम्ही आपल्याच बैलाचा सगळ्यात मोठा गुण झाकून टाकता.

मग खूर. काळाभोर, गारगोटीसारखा टणक, दोन्ही बोटं एकमेकांना चिकटलेली. खुरावर दगडानं हलकेच टिचकी मारली तर भरीव आवाज यावा. पांढरट किंवा पट्टे पडलेला खूर असेल तर तो चिखलात मऊ होतो, बोटांच्या बेचक्यात जखम होते, घाण शिरते आणि ऐन आवणीत, म्हणजे भातलावणीत, बैल बसतो. बेचक्यात अंगठा दाबून बघा. बैलानं पाय ओढून घेतला किंवा वास आला तर पुढचं काही बघायची गरज नाही. वर्षभर दावणीला बांधून ठेवलेल्या बैलाचं बाहेरचं बोट आतल्यापेक्षा लांब झालेलं असतं. तो जातीचा दोष नव्हे, खूर तासून घेतला की दोन-तीन महिन्यांत पाऊल नीट पडतं. पण तासणी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी करू नये. खूर जास्त निघाला तर बैल लंगडतो आणि तेवढ्या लंगडण्यावर नंबर जातो. किमान 20 दिवस आधी.

मागचा पाय बाजूनं बघताना घोट्याचा बाक मध्यम हवा. काठीसारखा सरळ पाय असेल तर उतरणीवर धक्का थेट सांध्यात जातो आणि तीन-चार पावसाळ्यांत घोटा सुजून राहतो. विळ्यासारखा वाकलेला असेल तर ओढताना जोर मिळत नाही. मागून बघताना दोन्ही घोटे आत वळून एकमेकांना घासत असतील तर तो बैल चिखलात पाय उपसताना थकतो. हे सगळं उभ्या बैलात अर्धंच कळतं, उरलेलं चालीत कळतं. वीस पावलं समोरून, वीस पावलं पाठमोरा. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा किंचित पुढे पडावा. आमच्या मते प्रदर्शनाच्या मैदानात दहा-बारा फुटांचा ओल्या मातीचा पट्टा करून बैल त्यावरून न्यायला हवा. हिवाळ्यातल्या कोरड्या सपाट मैदानावर पावसाळी बैलाची परीक्षा घेतली, तर खिलारसारखा दिसणारा डांगीच पुढे येणार.

बांधा मोजायला टेप पुरेसा आहे. छातीचा घेर वशिंडाच्या मागून, पुढच्या पायांच्या लगेच मागे इंचात घ्यायचा. लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीलगतच्या हाडाच्या टोकापर्यंत. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 660, की वजन किलोत येतं. घेर 64 आणि लांबी 52 असेल तर साधारण 323 किलो. टेप एक इंच सैल धरला तर हाच बैल 333 किलोचा होतो, म्हणून टेप नेहमी एकाच माणसानं, सकाळी चारा-पाण्याआधी धरावा. बैलाचे चारही पाय चौकोनात आणि मान सरळ हवी. मान खाली गेली तर घेराचं माप बदलतं. छाती खोल आणि कोपरामागे भरलेली असेल तर उंची दोन इंच कमी असली तरी मी त्या बैलाला वरचा नंबर देईन.

रंगाला आणि डोक्याला माझ्या लेखी शंभरात दहापेक्षा जास्त गुण नाहीत. पांढऱ्यावर काळे किंवा लाल ठिपके विखुरलेले असावेत, कपाळ थोडं पुढे आलेलं, शिंगं आखूड आणि जाड. एवढं जुळलं की पुरे. भोवऱ्यांवरून बैल नाकारणं आता थांबलं पाहिजे, केसांच्या वळणानं बैल ना ओढतो ना अडतो.

आता पैदाशीकडे, कारण सगळं बिघडतं ते तिथेच.

गावात काय होतं बघा. देखणा, भरलेल्या अंगाचा गोऱ्हा दोन दाती, म्हणजे अडीच वर्षांच्या आसपासचा, झाला की त्याला गिऱ्हाईक येतं. तो विकला जातो, खच्ची होतो, बैल होतो. कुणी विकत घेत नाही असा अरुंद छातीचा, वाकड्या पायाचा गोऱ्हा गावच्या कळपात तसाच हिंडत राहतो आणि तोच गाई भरवतो. सगळ्यात चांगल्याचं रक्त थांबतं आणि सगळ्यात वाईटाचं पुढे जातं. दहा-पंधरा वर्षं हे चाललं की मग लोक म्हणतात, डांगीत आता दम राहिला नाही. दम होता, तो आपण बैलबाजारात विकला. प्रदर्शनात पहिला आलेला बैल खच्ची आहे, त्याला वंश नाही. त्या नंबरचा उपयोग एवढाच की त्याची आई आणि बाप कोण हे शोधता येतं. म्हणून बिल्ल्याचा क्रमांक महत्त्वाचा. जनावरांच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर 12 आकडी क्रमांक असतो. वासराला बिल्ला मारतानाच वहीत आईचा क्रमांक, वळूचा किंवा वीर्यकांडीचा क्रमांक आणि जन्मतारीख लिहून ठेवली तर पाच वर्षांनी ती ओळ सोन्यासारखी ठरते.

एकच वळू एका कळपात तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवू नये. तोपर्यंत त्याच्या कालवडी माजावर येऊ लागतात. बाप-लेकीच्या वासरात अंतःप्रजननाचं प्रमाण 25 टक्के होतं, सावत्र भावंडांच्या वासरात साडेबारा. याचे परिणाम लगेच दिसत नाहीत. आधी गाई उलटू लागतात, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येतात, मग वासरं हलकी जन्मतात, मग खूर मऊ होतात. शेजारच्या खोऱ्यातल्या गावाशी वळूची अदलाबदल करणं हा बिनखर्चाचा उपाय आहे.

गाय निवडताना दूध बघू नका असं मी म्हणणार नाही, पण आधी तिचे खूर बघा आणि ती किती वेळा व्यायली ते विचारा. नुसत्या डोंगरातल्या चाऱ्यावर पाच-सहा वेतं नीट झालेली, चौदा-पंधरा महिन्यांनी व्येणारी गाय ही खरी बैलाची आई. तापट गाय टाळावी, तिचा गोऱ्हाही जुवाला मान द्यायला त्रास देतो.

आणि वासराचं दूध. इथे हिशेब करूनच बोलायला हवं. डांगी वासरू जन्मतः साधारण 18 ते 20 किलोचं. त्याला वजनाच्या दहा टक्के, म्हणजे रोज दोन लिटरच्या आसपास दूध लागतं. गाय देते तीन लिटर. घरानं दोन काढलं की वासराला एकच उरतं. पहिले तीन महिने दोन सडं पूर्ण वासरासाठी सोडली नाहीत, तर पुढे कितीही पेंड घाला, छाती रुंद होत नाही, पोट मात्र सुटतं. चीक पहिल्या दोन तासांत पाजायचा, जार पडायची वाट बघत बसायचं नाही. जंताचं औषध पहिल्यांदा दहा-पंधरा दिवसांच्या सुमारास, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, डॉक्टरांनी वजनावर ठरवलेल्या मात्रेत.

खच्ची कधी करायचं यावर वाद आहे. वर्षाच्या आत केलं तर गोऱ्हा शांत राहतो, पण पायाची हाडं जास्त काळ वाढत राहतात. बैल उंच, पुढून अरुंद आणि लहान वशिंडाचा होतो, आणि जू बसायला मान भरत नाही. चार दातांनंतर केलं तर मान वळूसारखी जाड होते, स्वभाव आडदांड राहतो आणि तोवर त्यानं कळपातल्या गाई भरवलेल्या असतात. दोन दातांच्या सुमारास, म्हणजे अडीच वर्षांच्या आसपास, हिवाळ्यात करणं डांगीला मानवतं. माशा कमी, चिखल नाही. दगडानं ठेचायची जुनी रीत क्रूर आहे, ती सोडलीच पाहिजे. डॉक्टरांकडून जागा बधिर करून बर्डिझो चिमट्यानं, म्हणजे कातडी न कापता आतली नस दाबून तोडणाऱ्या चिमट्यानं, करावं. एका वेळी एकाच बाजूची नस धरायची, दोन्ही बाजूंच्या दाबाच्या रेषा वरखाली ठेवायच्या. एका सरळ रेषेत दाब दिला तर पिशवीचा रक्तपुरवठा तुटतो आणि कातडी सडते. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे नस निसटणं. महिना-दीड महिन्यानं हात लावून बघा, दोन्ही अंडं आक्रसलेली हवीत. एक जरी तसंच भरीव लागलं तर बैल खच्ची झालेला नाही.

प्रदर्शनाची तयारी 90 दिवसांची धरा. सव्वातीनशे-साडेतीनशे किलोच्या बैलाला रोज चार किलो भाताचा पेंढा, बारा ते पंधरा किलो हिरवा चारा, दीड ते पावणेदोन किलो खुराक, 50 ग्रॅम खनिज मिश्रण आणि 30 ग्रॅम मीठ. खुराक अर्ध्या किलोपासून सुरू करून दर चार दिवसांनी पाव किलो वाढवायचा. एकदम मक्याचा भरडा किंवा भात टाकला की पोटात आम्ल वाढतं, शेण पातळ आंबूस येतं, आणि वाईट म्हणजे खुरांच्या आत सूज येते. भाताच्या पेंढ्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून खनिज मिश्रण टाळून चालत नाही. पेंढा सकस करायचा असेल तर 100 किलो पेंढ्याला चार किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरांवर शिंपडायचा आणि 21 दिवस प्लास्टिकच्या कागदाखाली हवाबंद ठेवायचा. युरियाचा खडा राहिला तर बैल दगावू शकतो. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा पेंढा देऊ नये. शेवटच्या दोन बरगड्या हलक्या दिसाव्यात, एवढंच मांस. त्याहून चढवलेला बैल पंच लोकांना आवडतो हे खरं आहे, पण जुवाला तो धापा टाकतो.

2022 साली लम्पीमुळे बाजारच बंद ठेवावे लागले होते, ते विसरू नका. लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस प्रदर्शनाच्या निदान तीन आठवडे आधी. परत आणलेला बैल 21 दिवस वेगळा बांधायचा, पहिल्याच दिवशी कानात, पोळीखाली आणि शेपटीच्या मुळाशी गोचीड बघायचे.

नंबर आला असेल तर वही उघडून त्याच्या आईचा क्रमांक काढा. ती गाय आणि तोच वळू अजून असतील तर पुढच्या माजाला तीच जोडी पुन्हा लावा. होणारा गोऱ्हा मात्र चार दात होईपर्यंत विकू नका, खच्चीही करू नका. बाकीचे गोऱ्हे दोन दातांवर खच्ची करा, पण हा एक वळू म्हणून राखून ठेवा. गिऱ्हाईक दारात उभं असताना हे अवघड जातं. त्या वाढीव काळातल्या चाऱ्याचा खर्च गावानं वाटून घेतला तर एकट्या मालकाला तो सोसायला लागत नाही, आणि पुढची तीन वर्षं अख्ख्या कळपाला चांगला वळू मिळतो.