मखमलीची शेरवानी

सांगलीत गणपती पेठेमागच्या एका बोळात मी गेली बावीस वर्षे नवरदेवांच्या शेरवान्या शिवत आहे. लग्नसराईत दारी आलेले काम परत पाठवणे आमच्या धंद्यात कोणालाच परवडत नाही; तरीही एका एप्रिलमध्ये, भर दुपारी, बेतायला घेतलेले मखमलीचे कापड मी कात्री न लावता घडी घालून गिऱ्हाइकापुढे ठेवले, त्या दिवसाची ही हकिकत.

गिऱ्हाईक म्हणजे तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार कुटुंब होते. माल उतरलेला, बेदाणा शेडवरून निघालेला, खरड छाटणीही उरकत आलेली; सवड आणि पैसा एकदमच हाती आल्यामुळे त्यांनी लग्न वैशाखात, दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर, मिरज रस्त्यावरच्या उघड्या लॉनवर ठरवले होते. मुलाने गर्द मरून मखमल पसंत करून आणली होती. तिच्यावर जरदोसी, आत कॅनव्हास आणि पॉलिस्टरचे अस्तर, शिवाय डोक्यावर आठ-नऊ मीटरचा फेटा, असा सगळा बेत होता.

छातीचे माप घेताना मला काही वर्षांपूर्वीचा एक नवरदेव आठवला. माझ्याच हातच्या तशाच शेरवानीत, अंतरपाट धरलेला असताना, तो घेरी येऊन खाली बसला होता आणि गळ्याशी शोभेसाठी मी घट्ट केलेली काजे सोडवताना पाच-सहा जणांची धांदल उडाली होती. घाम वाळला तरच अंग निवते. पण मखमलीच्या लवेत हवा कोंडून राहते, पॉलिस्टर घाम टिपत नाही आणि गर्द रंग ऊन ओढून घेतो. हे मला कोणत्याही उस्तादाने शिकवले नव्हते; त्या मुलाचे ओलेचिंब अस्तर पिळताना ते कळले होते.

मी हे सांगितले तेव्हा मुलगा हसला आणि म्हणाला, "मास्तर, एका दिवसाचा तर प्रश्न आहे." मग मी भाड्याने देण्यासाठी ठेवलेली एक मखमली शेरवानी त्याच्या अंगावर चढवली, फेटा बांधला आणि दुकानासमोरच्या उन्हात त्याला फक्त पंधरा मिनिटे उभे राहायला सांगितले. आमच्याकडे एप्रिलचा पारा चाळिशीला टेकतो. दहाव्या मिनिटाला तो स्वतःच बटणे सोडत आत आला आणि काही न बोलता पंख्याखाली बसला.

वडिलांनी लगेच तोडगा काढला: दिवस तोच ठेवू, गुरुजींना विचारून गोरज मुहूर्त घेऊ. इतका वेळ कोपऱ्यात पान जुळवत बसलेली आजी तेव्हा पहिल्यांदा बोलली, "दुपारी ऊन आन् चारनंतर वळीव. वैशाखात तुमच्या मांडवाला वेळ कुठला रं उरतुया?" बागेवरच्या गारा तिने जन्मभर पाहिलेल्या, त्यामुळे तिच्यापुढे कोणाचे चालले नाही. नवरीची पैठणी ठरली होती, हे कळल्यावर मीही भर घातली, कारण रेशमावर पावसाचे थेंब पडले की डाग उमटतात आणि चांदीची जर घामा-अत्तराने काळवंडते. सुती-रेशमी कापड, मलमलीचे अस्तर आणि बंदिस्त हॉल हा पर्यायही मी सुचवला. मुलाने मखमल मात्र सोडली नाही. त्याचा हट्ट मला तेव्हा पोरकट वाटला होता. आज तितका वाटत नाही.

शेवटी तारीखच हलली. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, म्हणून तुळशीच्या लग्नानंतर मार्गशीर्षातला सकाळचा मुहूर्त धरला गेला. लॉनचा ॲडव्हान्स बुडाला आणि त्या रकमेचा उल्लेख वडील प्रत्येक ट्रायलला माझ्याकडे पाहून करीत. कापड सहा महिने माझ्या कपाटात राहिले. कार्तिकात ते बेतले तेव्हा मुलाचे पोट दीड इंचाने वाढलेले निघाले.

मी लग्नाला गेलो. सकाळी चांगलाच गारवा होता, मुलगा मखमलीत ऐटीत उभा होता, गळ्याची बटणे मी या वेळी चापाची लावली होती. अक्षता पडेपर्यंत मात्र आभाळ भरून आले. बाग फुलोऱ्यात होती आणि अशा दमट हवेत द्राक्षावर डावणी हा बुरशीचा रोग पडतो. नवरदेवाचे वडील जेवणाच्या पंगतीतून उठून फवारणीचे पाहायला मळ्याकडे गेले. जाताना माझ्याजवळ थांबून ते म्हणाले, "मास्तर, पोराला गार ठेवलंत, आता बागेचं सांगा."

मी आभाळाकडे पाहिले आणि गप्प राहिलो.